ज्याचा फोटो नाही, त्याने कसे यावे?

पितृपक्षातली ती दुपार होती. लातूरच्या आमच्या घरी बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरून आम्ही तिघी बसलो होतो: ऐंशी ओलांडलेली माझी आजी, मी आणि आठ वर्षांची माझी मुलगी. आजी डोळे दाखवायला म्हणून गावाहून चार दिवसांसाठी आली होती. मुलीने ‘कोको’ हा चित्रपट त्याआधी दोनदा पाहिला होता आणि तो पणजीला दाखवल्याशिवाय ती तिला परत जाऊ देणार नव्हती, कारण त्या चित्रपटातही एक पणजी आहे आणि तिच्याही गालांवर अशाच बारीक सुरकुत्यांचे जाळे आहे. चित्रपटाची भाषा आजीला कळणारी नव्हती. म्हणून मी तिच्या कानाशी बसून एकेक प्रसंग मराठीत सांगत होते आणि माझे काही राहिले, तर मुलगी ते पुरे करत होती.

वर्षातून एकदा गेलेली माणसे घरी जेवायला येतात, ही या चित्रपटाची मूळ कल्पना आहे. शहरातल्या माणसाला ती समजावून सांगावी लागेल, आजीला लागली नाही. “येत्यातच की,” एवढे म्हणून ती पुढे पाहू लागली. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा हा सण पाळतात. घरात पायऱ्यापायऱ्यांची मांडणी करून त्यावर गेलेल्यांचे फोटो ठेवतात, त्यांच्या आवडीचे पदार्थ वाढतात, मेणबत्त्या लावतात आणि पितरांना घर सापडावे म्हणून दारापर्यंत झेंडूच्या पाकळ्या पसरतात. पडद्यावर तो केशरी रंग आला, तशी आजी सावरून बसली. झेंडू तिच्या लेखी दसऱ्याचा. तो पितरांच्या कामाला कसा आला, हे तिला कळेना. मी तिला सांगितले की झेंडू मुळात त्यांचाच, तिकडून समुद्रावरून तो आपल्याकडे आला आणि आपल्या तोरणात बसला. यावर ती काही बोलली नाही. पण तिने मान हलवली ती पटल्यासारखी.

मग तो प्रसंग आला. मृतांच्या नगरीची वेस आहे, तिथे चौकी आहे आणि सीमेवरचा अधिकारी प्रत्येकाचा चेहरा तपासून सांगतो आहे की तुमचा फोटो घरच्यांनी मांडला आहे, तुम्ही पूल ओलांडू शकता. हेक्टर नावाचा एक फाटका माणूस सोंग घेऊन त्या चौकीतून निसटायला बघतो. त्याचा फोटो कोणीच मांडलेला नाही. तो पुलावर पळत सुटतो आणि ज्या पाकळ्या इतरांना उचलून धरतात, त्यांत त्याचे पाय रुततात. माझी मुलगी या प्रसंगाला हसते, कारण त्याची धावपळ हसू येईल अशीच काढलेली आहे. आजी हसली नाही. तिने माझ्या हातावर हात ठेवला.

“आन् ज्याचा फोटूच न्हाई, त्यानं कसं यावं, बाई?”

“पणजी, तू पुढं बघ, सगळं त्याचंच आहे,” मुलगी म्हणाली. तिचे म्हणणे खरे होते. पण आजी हेक्टरविषयी विचारत नव्हती, हे मला कळले होते.

आमचे गाव किल्लारीच्या परिसरातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तिथे जो भूकंप झाला, तो मराठवाड्यात कोणाला सांगावा लागत नाही. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन झाले होते, माणसे दमून उशिरा झोपली होती आणि पितृपक्ष तोंडावर आलेला होता. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांतली ५२ गावे जमीनदोस्त झाली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. यातली बहुतेक माणसे घरांनीच मारली. आमच्याकडची घरे म्हणजे दोन-दोन हात रुंदीच्या दगडी भिंती, दगडांच्या मध्ये चिखल आणि डोक्यावर माळवद, म्हणजे लाकडाच्या तुळयांवर पिढ्यानपिढ्या टाकत आलेला मातीचा जाड थर. उन्हाळ्यात ज्या मातीने गारवा दिला, तीच माती त्या पहाटे अंगावर आली. आजोबा शेतातल्या आखाड्यावर होते, म्हणून वाचले. आजी ढिगाऱ्याच्या कडेला होती, तिला लोकांनी ओढून काढले. माझे वडील नोकरीमुळे लातूरला असत. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. आई, अण्णा आणि पाच वर्षांची मी, असे आम्ही तिघे त्या रात्री लातूरला होतो. माझी धाकटी आत्या मात्र आजीपाशी होती. ती बारा वर्षांची होती. ती राहिली नाही.

तिचा एकच फोटो होता. तुळजापूरच्या जत्रेत, पडद्यावर रंगवलेल्या बागेपुढे उभी करून काढलेला. तो पत्र्याच्या चौकटीत बसवून भिंतीला लावला होता. जी भिंत पडली, तिच्यावरच तो होता. नंतर ढिगारे उपसले गेले, तेव्हा आजोबांनी बरेच दिवस तो शोधला, असे आई सांगते. तांब्याचा हंडा सापडला, एक समई सापडली, जाते सापडले. जात्याच्या दोन्ही पाळू शाबूत होत्या, लाकडी खुंटा तेवढा मोडला होता. फोटो सापडला नाही. मला आत्याचा चेहरा आठवत नाही. मला ओल्या शेंगांचा वास आठवतो आणि माझ्या तोंडात दाणा घालणारी मातकट बोटे आठवतात, पण ती बोटे तिचीच होती की आईची, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही.

त्यानंतर घरात तिचे नाव कोणी घेतले नाही. कोणी बंदी घातली असे नव्हे, नाव घ्यायचे थांबले इतकेच. पितृपक्षात आमच्याकडे पणजोबांपर्यंतची नावे घेतली जातात, आणि आजोबा गेल्यावर त्यांचे नाव त्या रांगेत आले. बारा वर्षांच्या, लग्न न झालेल्या मुलीला त्या रांगेत जागा नव्हती. तिच्या मागे तिचे नाव लावणारे कोणी नव्हते आणि तिच्या नावाने पान वाढावे अशी आमच्या घरची रीत नव्हती. फोटो नाही, तिथी नाही, नाव नाही. सीमेवरच्या त्या चौकीत अशा मुलीला कोणी पुलावर पाय ठेवू दिला असता का, हा माझ्या आजीचा प्रश्न होता.

चित्रपटात ज्या घराची गोष्ट आहे, त्या रिव्हेरा कुटुंबात संगीताला बंदी आहे. मिगेल हा बारा वर्षांचा मुलगा त्या घरात जन्मला आहे आणि त्याच्या अंगात गाणे आहे. त्याच्या पणजीची आई इमेल्डा हिचा नवरा गाण्यासाठी घर सोडून गेला आणि परत आला नाही. इमेल्डाने जोडे शिवायचा धंदा उभा केला, पदरातली मुलगी, कोको, वाढवली, घरातून गाणे हद्दपार केले आणि फोटोतला नवऱ्याचा चेहरा फाडून टाकला गेला. ही बंदी तिच्या मुलीकडे, नातीकडे, पणतवाकडे अशी उतरत आली. इमेल्डाला न पाहिलेली माणसेही ती पाळत राहिली. मिगेलची आजी तर नातवाची गिटार सगळ्यांसमोर आपटून फोडते. मुलांना ती तिथे दुष्ट वाटते. मला या खेपेला ती तशी वाटली नाही. तिने आपल्या आजीचे दुःख, ते का झाले हे पुरते ठाऊक नसताना, शिस्त म्हणून सांभाळले होते. घरातल्या बंद्या बहुधा अशाच येतात. कारण विसरले जाते आणि बंदी शिल्लक राहते.

माझी आजी भूकंपापर्यंत जात्यावर ओव्या म्हणत असे. दळण तेव्हाही गिरणीतूनच येई, पण तूर, हरभरा भरडायला, मीठ-मसाला करायला जाते लागे, आणि जात्यावर बसले की आजीच्या तोंडून ओवी आपसूक येई. भावाची ओवी, लेकाची ओवी, पंढरीची ओवी आणि लेकीच्या तर कितीतरी. आई लग्न होऊन आली, तेव्हा पहाटे आजीच्या ओवीनेच तिला जाग येत असे. १९९३ नंतर जाते नव्या घरी आले, पण ते परसात पालथे पडले आणि त्याच्यावर पाण्याची घागर ठेवली जाऊ लागली. आजी देवळातल्या भजनाला जाई, टाळ धरी, पण गळ्यातून आवाज काढत नसे. घरातल्यांनी याचा अर्थ वयाशी लावला. मीही तसाच लावला होता. इमेल्डाकडे पाहताना मला पहिल्यांदा वाटले की हे वयाचे नव्हते. ज्या गळ्यातून लेकीची ओवी येत होती, तो गळाच तिने मिटून घेतला होता. लेकीला विसरता यावे म्हणून तिने हे केले, असे मला वाटत नाही. दुसऱ्या कशासाठी तो उघडणे तिला लेकीशी दगा केल्यासारखे वाटले असावे.

इमेल्डाच्या बाबतीतही मला हेच दिसते. जिचे प्रेम संपले आहे, तिला इतकी कडक बंदी घालावी लागत नाही. मृतांच्या नगरीतसुद्धा ती नवऱ्याशी, म्हणजे त्या हेक्टरशीच, वैर धरून आहे, त्याला पाहताच ती पायातला जोडा उगारते. नाते तुटले, असे आपण अशा वेळी म्हणतो. मी म्हणेन, तुटलेले नाते इतक्या वर्षांनी हात उगारत नाही. ते तिथेच आहे, फक्त त्याला बोलायची वाट उरलेली नाही.

या कथेत एक अर्नेस्टो आहे. तो मोठा गायक आहे, त्याचा पुतळा आहे, घराघरात त्याची गाणी आहेत, आणि मृतांच्या नगरीत त्याच्या वाड्यावर मेजवान्या झडतात, कारण जगात असंख्य लोक त्याची आठवण काढतात. हेक्टरची गाणी चोरून आणि त्याला विष घालून तो मोठा झालेला आहे. याच्याविषयी मी फार लिहीत नाही, त्याचा न्याय चित्रपटात पुरेसा होतो. फक्त एक गोष्ट नोंदवते. आठवण आणि नाते या एकच गोष्टी आहेत, असे चित्रपट आधी भासवतो आणि मग अर्नेस्टोला समोर उभे करून तो भास मोडतो. लाखो लोकांना आठवणाऱ्या या माणसाच्या त्या वाड्यात घरचे म्हणावे असे कोणीही नाही.

याउलट मृतांच्या नगरीच्या खालच्या अंगाला एक मोडकी वस्ती आहे. ज्यांचे फोटो नाहीत, ज्यांना जायला घर नाही, अशी विसरत चाललेली माणसे तिथे राहतात. मिगेल हेक्टरला विचारतो की हे तुझे नातेवाईक आहेत का. हेक्टर सांगतो, तसे नव्हे, पण आम्ही सगळे एकमेकांना भाऊ म्हणतो, काका म्हणतो. चित्रपटात ही एका वाक्याची गोष्ट आहे, पण आजीला ती सांगताना माझा आवाज थांबला, कारण पुढचे तीच मला सांगू लागली.

भूकंपानंतर माणसे पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. उन्हाळ्यात पत्रा तापे, पावसात इतका वाजे की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नसे. जुन्या गावात गल्ल्या होत्या, प्रत्येक गल्लीची माणसे होती, कोण कोणाच्या दारात जाते आणि कोण जात नाही याचे शंभर नियम होते. शेडमध्ये सगळे शेजारी-शेजारी आले. ज्याची आई गेली, त्याला पलीकडच्या शेडमधली बाई जेवायला बोलावू लागली आणि तो तिला मावशी म्हणू लागला. ज्या म्हाताऱ्याच्या घरातले कोणी उरले नाही, तो शेडमधल्या सगळ्या लेकरांचा आजा झाला. आमच्या शेजारच्या शेडमध्ये एक मुलगा होता, त्याचे घरचे सगळे गेले होते. त्याने आजीला ‘माय’ म्हणायला सुरुवात केली आणि आजीने त्याला पोटच्यासारखे जेवू घातले. पुढे सिमेंटची घरे झाली, सरळ रेषेत, रुंद रस्त्यांच्या दोन्ही बाजूंनी, वसाहतीसारखी. ही घरे भक्कम आहेत आणि त्यांनी माणसांची भीती घालवली, हे मोठेच काम झाले. पण घरांच्या वाटपात शेडमधली मावशी गावाच्या एका टोकाला गेली आणि तिचा भाचा दुसऱ्या टोकाला. आजीला माय म्हणणाऱ्या त्या मुलाने आज चाळिशी ओलांडली आहे. दिवाळीला तो अजूनही पहिल्यांदा तिच्या पाया पडायला येतो आणि मग आपल्या घरी जातो.

“त्यो आला की मला लई जड जातंय,” आजी म्हणाली. “तिच्याच वयाचं हुतं की ते.”

तिचे नाव तिने घेतले नाही. पण ‘तिच्या’ हा शब्दसुद्धा मी आजीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते.

चित्रपट पुढे चालला होता. हेक्टरने मिगेलच्या हाती आपला एक जुना फोटो दिलेला असतो. तेवढा घरी नेऊन मांड, म्हणजे मला पूल ओलांडता येईल आणि माझ्या मुलीला एकदा पाहता येईल, एवढेच त्याचे मागणे. हा फोटो कसा पोहोचतो, यावर सगळी कथा टेकलेली आहे असे आपल्याला वाटत राहते. आणि तो पोहोचत नाही. तो पाण्यात जातो. पहाट होत आलेली असते, घरी पणजी कोको सगळे विसरत चाललेली असते आणि जगात हेक्टरला आठवणारी ती एकटीच असल्याने तिच्याबरोबर तोही कायमचा पुसला जाणार असतो. मिगेलच्या हातात काही उरलेले नसते.

इथे इमेल्डा मिगेलला निरोप देते. आधी तिने आशीर्वाद दिला होता, तो अट घालून: जा, पण पुन्हा कधी गायचे नाही. या वेळी ती म्हणते, घरी जा, आमचे फोटो मांड आणि कधीही... इथे ती थांबते. मिगेल खालच्या मानेने वाक्य पुरे करू लागतो की कधीही गाणार नाही. ती म्हणते, घरच्यांचा तुझ्यावर किती जीव आहे ते कधीही विसरू नकोस. मला या चित्रपटातली ही सर्वांत मोठी जागा वाटते. एखाद्या बाईने आयुष्यभराचा आणि मरणानंतरचाही राग एका वाक्याच्या मध्यावर सोडून द्यावा आणि तो सोडल्याचे कोणाला सांगूही नये, हे मी आमच्याकडच्या बायकांत पाहिलेले आहे. पोर समोर उभे राहिले की अट गळून पडते.

मिगेल धावत घरी येतो. कोको खुर्चीत बसलेली आहे. ती त्याला ओळखत नाही, तिची नजर कुठेच लागलेली नाही. तो तिला फोटोतला गिटार दाखवतो, नाव सांगतो, विनवतो, आणि काही होत नाही. मग तो गिटार घेऊन तिच्यासमोर बसतो आणि हेक्टरने लहानग्या कोकोसाठी रचलेले गाणे म्हणू लागतो. हेच गाणे अर्नेस्टो हजारोंच्या सभेत, दिव्यांच्या झगमगाटात, नाचणाऱ्यांच्या घोळक्यात गाऊन मोठा झाला होता. इथे ते जसे होते तसे येते: अंगाईसारखे, एका मुलीपुरते. कोकोचे बोट हलते. मग ओठ हलतात. मग ती त्याच्याबरोबर गाऊ लागते, आणि गाणे संपल्यावर आपल्या मुलीला म्हणते की पपा मला हे गाणे म्हणत असत. मग ती टेबलाचा खण उघडते. त्यात बापाची पत्रे आहेत, आणि फोटोचा तो फाटलेला कोपरा आहे, ज्यावर हेक्टरचा चेहरा आहे. तो तिने इतकी वर्षे जपून ठेवलेला असतो.

दोनदा पाहूनही माझ्या हे लक्षात आले नव्हते की फोटो गाण्याच्या नंतर येतो. मी इतके दिवस असे धरून चालले होते की फोटोमुळे माणूस आठवणीत राहतो. चित्रपटाचे नियमही तसेच सांगतात, चौकीवरचे यंत्रही तेच सांगते. पण प्रत्यक्षात गोष्ट उलटी घडते. जो फोटो सगळे शोधत होते, तो बुडाला. ज्या बाईला स्वतःच्या घरच्यांची नावे आठवत नव्हती, तिच्यातले गाणे जागे झाले, आणि मग तिच्याच हाताने फोटो बाहेर निघाला. स्मृतिभ्रंशात माणसांची नावे गेली तरी लहानपणीची गाणी पुष्कळ वेळा टिकून राहतात, हे अशा रुग्णांची काळजी घेणाऱ्यांना ठाऊक असते. म्हणून हा प्रसंग मला ओढून आणलेला वाटत नाही. आणि चित्रपटाला नाव मिगेलचे नाही, हेक्टरचेही नाही. जी जवळपास सगळा वेळ गप्प बसलेली आहे, त्या मुलीचे आहे. गेलेल्या माणसाला जी सांभाळून असते, तिच्या नावाने ही गोष्ट ओळखली जाते. अशा बायका घरात बोलत नाहीत म्हणून त्यांना काही आठवत नाही, असे आपण समजतो.

२०१७ साली हा चित्रपट आला तो मेक्सिकोत आधी, २७ ऑक्टोबरला, मृतांच्या सणाच्या तोंडावर, आणि उरलेल्या जगात नंतर. ज्यांची गोष्ट, त्यांच्याच घरी ती आधी सांगितली गेली, हे मला योग्य वाटले.

गाणे संपले, तेव्हा माझे डोळे वाहत होते आणि मुलगी माझ्याकडे बघून कावरीबावरी झाली होती. आजीचे डोळे कोरडे होते. ती त्या उघड्या खणाकडे पाहत होती.

“ठिवलं हुतं की म्हातारीनं,” ती म्हणाली. “कुनी इचारलंच न्हाई तिला.”

मी तरीही विचारले नाही. मला धीर झाला नाही. विचारले ते माझ्या मुलीने, आणि तेही आठ-नऊ दिवसांनी, सर्वपित्रीला.

सर्वपित्री अमावास्येला आम्ही गावी गेलो होतो. ज्यांची तिथी माहीत नाही, ज्यांचे कोणी करायचे राहिले, त्या सगळ्यांचा हा दिवस. आईचा स्वयंपाक पहाटेपासून चालला होता: खीर, कढी, उडदाचे वडे, गवारीची भाजी, आळूच्या वड्या. अण्णा परसात पान ठेवून कावळ्याची वाट पाहत होते. माझी मुलगी जात्यावरची घागर बाजूला करून त्याच्यावर बसली होती आणि भोकात बोट घालून आतली माती उकरत होती. आजी तिच्याजवळ बाजेवर होती. मुलीने काही प्रस्तावना केली नाही. “पणजी, तुझ्या मुलीला कोणतं गाणं यायचं?” असे तिने विचारले.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होते. मला वाटले, आता आजी उठून आत जाईल. ती उठली नाही. थोडा वेळ तिने नुसता हात हलवला, जात्याचा खुंटा धरल्यावर हलतो तसा, आणि मग अगदी बारीक, फाटलेल्या आवाजात म्हटले:

“दारीच्या रांजनाला, कुनी लाविला हात गं,
माझी मैना आली बाई, वल्या शेंगा खात गं.”

दुसऱ्या ओळीच्या शेवटी आवाज बसला. तिने घसा खाकरला आणि ती पुन्हा पहिल्यापासून म्हटली. मग तिने तिचे नाव घेतले. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते घरात राहू दे. एकतीस वर्षांनी ते घरात ऐकू आले, तेव्हा आईच्या हातातला झारा कढईच्या काठाला लागून वाजला. माझी मुलगी मात्र आनंदात होती, तिला पणजीचा खण सापडला होता. ती प्रश्नांमागून प्रश्न विचारू लागली. ती शाळेत कितवीत होती? तिला कोण आवडायचं? ती पडली होती का कधी? आजी सांगत गेली. झाडावर चढायची. चिंचेवरून पडून हनुवटीला खोक पडली होती, ती खूण होती. खिरीतली साय आधी खायची. भाऊ लातूरहून येणार म्हणले की वेशीवर जाऊन बसायची, गाडी येस्तोवर. हे ऐकताना मला माझ्याच आठवणीतल्या मातकट बोटांना पहिल्यांदा एक माणूस जोडता आला, हनुवटीवर खूण असलेली मुलगी.

“मग ती घालायची काय?” मुलीने विचारले.

“परकर. निळा परकर हुता तिला नवा.”

अण्णा परसात पाठमोरे उभे होते. इतका वेळ ते कावळ्याकडेच बघत होते असे मला वाटत होते. माझे वडील आपल्या बहिणीविषयी बोलताना मी जन्मात ऐकलेले नाही. ते वळले नाहीत.

“निळा न्हवं, माय,” ते म्हणाले. “मोरपंखी हुता. मीच आनला हुता लातूरहून, महालक्ष्म्यांला.”

महालक्ष्म्यांचा सण म्हणजे विसर्जनाच्या आधीचे काही दिवस. आजीने मान वर करून त्यांच्या पाठीकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, “व्हय. मोरपंखीच.”

“मोरपंखी म्हणजे कसा?” मुलगी म्हणाली. तिला तो शब्द माहीत नव्हता.

अण्णांनी परसात इकडेतिकडे बघितले, त्या रंगाचे काही दिसते का ते. तिथे काही नव्हते. मग ते घरात आले, हात धुऊन त्यांनी आतल्या खोलीतले कपाट उघडले आणि आईच्या साड्यांच्या घड्या एकेक करून बाजेवर काढून ठेवू लागले. तळाची एक जुनी साडी त्यांनी उजेडात आणली, तिचा काठ उलगडला आणि मुलीच्या पुढ्यात धरला.

“असा,” ते म्हणाले. मग तो काठ डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी पुन्हा पाहिला. “याच्याहून जरा गडद.”